फर्मान नको, सभा हवी

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या अवर्षणप्रवण गावाची कीर्ती सांगताना आपण बहुधा पाझर तलाव, नालाबांध, समपातळी चर आणि श्रमदान यांची गणना करतो. परंतु ज्या गोष्टीवाचून ही सारी कामे चार पावसाळेही टिकली नसती ती गोष्ट, म्हणजे गावाला बंधनकारक होणारे नियम गावाने एकत्र बसून, वाद घालून आणि एकमेकांना पटवून ठरवावेत ही वहिवाट, आपल्या वर्णनात ओझरतीच येते. सैन्यातून निवृत्त होऊन 1975 साली अण्णा हजारे गावी परतले, त्यानंतर तेथे रुजलेली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ही काही जिल्हा कचेरीतून सुटलेली फर्माने नव्हती. चराईबंदीने ज्याची शेळ्या-मेंढरे माळावरून हटणार होती आणि कुऱ्हाडबंदीने जिच्या चुलीचे सरपण तुटणार होते, त्यांच्याच संमतीवर त्या नियमांचे आयुष्य अवलंबून होते. नियमाचा जाच ज्याला सोसावा लागणार, त्याला नियम करणाऱ्या बैठकीत स्थान असले पाहिजे, एवढेच या वहिवाटीचे सार. आणि ते आज एका अगदी निराळ्या वस्तीला लावून पाहण्याची वेळ आली आहे.

ती वस्ती म्हणजे व्यापारी समाजमाध्यमे. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांच्या आवारात आज महाराष्ट्रातील लहानथोर माणसे दिवसाचा मोठा भाग घालवतात. शाळेची सूचना, बाजार समितीचा भाव, सोयरिकीची बोलणी, मयताची वार्ता आणि निवडणुकीचा प्रचार हे सारे तेथूनच येते-जाते. राळेगणसिद्धीचा तर या माध्यमांशी विशेष ऋणानुबंध आहे. 2011 साली जनलोकपालासाठी एप्रिलमध्ये जंतरमंतरवर आणि ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर अण्णांची जी उपोषणे झाली, त्यांची हाक देशभर पोहोचवण्यात दूरचित्रवाणीच्या बरोबरीने फेसबुक आणि मोबाईलवरील संदेशांचा वाटा होता. मात्र या आवारात कोणता संदेश वर दिसावा, कोणता गाडला जावा, कोणाचे खाते बंद व्हावे आणि कोणाची माहिती कोणाला विकली जावी, हे ठरवण्यात तेथे राहणाऱ्यांचा हात तिळमात्र नाही. इतकेच काय, फेसबुकची चालक कंपनी मेटा हिचे सामान्य भागधारकही तेथे निष्प्रभ आहेत, कारण संस्थापक मार्क झुकरबर्ग यांच्याकडे भागभांडवलाचा अल्प हिस्सा असला तरी विशेष मताधिकाराच्या भागांमुळे निम्म्याहून अधिक मते त्यांच्या एकट्याच्या हाती आहेत. एवढ्या विशाल लोकसमुदायाचा कारभार एका मुखत्याराच्या मर्जीवर चालावा, हे ज्या शतकात संस्थाने खालसा झाली त्याच्या पुढच्या शतकात घडत आहे.

यावर पहिला आक्षेप मालकी हक्काचा येतो आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. कंपनीने भांडवल घातले, यंत्रे उभारली, सेवा फुकट दिली. ज्याला तिच्या अटींची कबुलायत मान्य नसेल त्याने खुशाल निघून जावे, असे हा पक्ष म्हणतो. परंतु खासगी मालकीच्या धंद्यावर त्या धंद्याच्या परिणामांत सापडलेल्या लोकांचा अधिकार असू शकतो, हे महाराष्ट्राने फार पूर्वी मान्य केले आहे. सरकारी परवाना असलेले, कर भरणारे दारूचे दुकानसुद्धा, गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीला कौल दिला तर बंद करावे लागते. त्या दुकानात त्या स्त्रियांचे भांडवल नसते, त्या त्याच्या ग्राहकही नसतात; पण त्या दुकानाचा हिशेब त्यांच्या घरात चुकता होत असतो आणि तेवढ्यावरून कायद्याने त्यांना अधिकार दिला. समाजमाध्यमांच्या बाबतीत तर वापरणाऱ्याचा दावा याहून बळकट आहे, कारण तो नुसता परिणाम भोगत नाही, तर तेथील संपत्ती निर्माणही करतो. लोकांनी लिहिलेला मजकूर, काढलेली छायाचित्रे आणि त्यांच्या भेटीगाठींचे जाळे काढून घेतले, तर जाहिरातदाराला विकण्यासाठी कंपनीपाशी रिकामी यंत्रेच उरतील.

निघून जाण्याचे स्वातंत्र्य हेही कागदोपत्रीच खरे. ज्या गटात शाळेची, सोसायटीची आणि भावकीची खबर येते, त्या गटातून एकट्याने बाहेर पडणे म्हणजे स्वतःच स्वतःला वाळीत टाकणे होय. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवे गोपनीयता धोरण जाहीर करून ते स्वीकारण्याची मुदत घातली, तेव्हा संतापलेल्या लोकांनी इतर सेवांकडे धाव घेतली खरी, पण बहुतेकांचे व्हॉट्सअ‍ॅप तसेच चालू राहिले, कारण त्यांचे सोयरेधायरे तेथेच होते. भारतीय स्पर्धा आयोगाने पुढे चौकशी करून नोव्हेंबर 2024 मध्ये याच प्रकरणी मेटाला 213 कोटी 14 लाख रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाच्या मते ती संमती खरी संमती नव्हती; स्वीकारा किंवा सोडा, अशी ती सक्ती होती.

नियम दूरच्या कचेरीत ठरतात आणि त्यांची किंमत इथे मोजावी लागते, याचा सर्वांत दारुण दाखला धुळे जिल्ह्यातील आहे. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरलेली असताना, भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. जमावाचा गुन्हा जमावाचाच. त्याचे पाप यंत्राच्या माथी मारता येणार नाही. पण देशात अशा हत्यांची मालिका घडून गेल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा अधिक पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. म्हणजे मर्यादा घालणे शक्य होते. ती कधी घालावी हे विचारण्याचे स्थान मात्र ज्यांच्या पालांवर मृत्यू आला त्यांना नव्हते आणि ज्यांच्या गावात अफवा फिरत होती त्यांनाही नव्हते.

आता दुसरा आक्षेप. लोकांना या कारभारात स्वारस्यच नाही, आणि ते सिद्धही झाले आहे, असे सांगताना फेसबुकच्या मतदानाचा इतिहास पुढे केला जातो. तो इतिहास मनोरंजक आहे. 2009 साली अटींतील बदलांवरून लोकक्षोभ उसळला, तेव्हा फेसबुकने आपल्या नियमांवर वापरकर्त्यांचे मत घेण्याची पद्धत सुरू केली. प्रस्तावित बदलावर सात हजारांहून अधिक अभिप्राय आले तर मतदान व्हावे, आणि सक्रिय वापरकर्त्यांपैकी 30 टक्क्यांनी मत दिले तरच तो कौल बंधनकारक मानावा, अशी तिची रचना होती. पहिल्या मतदानात, वीस कोटींच्या वस्तीत, साडेसहा लाखांच्या आसपास मते पडली. डिसेंबर 2012 मध्ये मतदानाची ही पद्धतच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सुमारे 6 लाख 69 हजार लोकांनी मत दिले आणि त्यांतील 88 टक्के लोकांनी प्रस्तावाच्या विरुद्ध कौल दिला; परंतु वापरकर्त्यांची संख्या तोवर शंभर कोटींवर गेली होती, म्हणजे बंधनकारक होण्यास तीस कोटी मते हवी होती. ती मिळाली नाहीत, आणि मतदारांनी भरघोस बहुमताने राखू पाहिलेला मताधिकार त्याच मतदानाच्या आधारे रद्द झाला.

या घटनेतून लोकांची उदासीनता सिद्ध होत नाही. सभेवाचून घेतलेले मतदान किती पोकळ असते, हे सिद्ध होते. आपल्या ग्रामसभेचा नियम पाहा. तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढेही लोक न जमले तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. नियमकर्त्यांना ठाऊक होते की पेरणी सोडून सारा गाव कधीच चावडीवर येणार नाही. म्हणून जे येतील त्यांच्या शब्दाला वजन देण्याची तजवीज त्यांनी केली. आडव्या बाटलीच्या मतदानाची अट कितीतरी कडक आहे, पण तीही अनेक गावांतील स्त्रियांनी पुरी केली, कारण मतदानाच्या दिवसाआधी कित्येक आठवडे त्या घरोघर फिरल्या होत्या, त्यांच्या बैठका झाल्या होत्या आणि कोण कोणत्या बाजूचा हे परस्परांना समजले होते. फेसबुकच्या मतदाराला शेजारचा मतदार दिसत नव्हता, वाद घालण्यास जागा नव्हती, उलटतपासणीस समोर कोणी नव्हते. लांबलचक कायदेशीर मसुदा आणि आठवडाभराची मुदत एवढेच त्याच्या पुढ्यात टाकले होते. एखाद्या गावाला नोटीस, विषयपत्रिका व चर्चा यांवाचून एकदम मतपेटीपाशी उभे केले असते, तर तेथेही हाच निकाल लागला असता.

मतदान हा लोकशब्दाचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी कितीतरी पायऱ्या असतात आणि ग्रामसभेने त्या आपल्याला शिकवल्या आहेत. सभेची पूर्वसूचना द्यावी लागते, विषय आधी कळवावे लागतात, स्त्रियांची सभा वेगळी भरवावी लागते, जमाखर्च वाचून दाखवावा लागतो, ठराव इतिवृत्तात नोंदवावा लागतो. यांत सर्वांत महत्त्वाचा तो हिशेब. राळेगणसिद्धीच्या नावाशी माहितीच्या अधिकाराची चळवळ जोडली गेली, हा योगायोग नव्हे. 2003 साली मुंबईच्या आझाद मैदानावर अण्णा हजारे उपोषणास बसले ते महाराष्ट्राचा माहितीचा कायदा अंमलात यावा म्हणून, आणि 2005 साली देशपातळीवरचा कायदा आला. दप्तर बंद ठेवून नुसते मत मागणे ही लोकांची थट्टा आहे, ही त्या चळवळीची शिकवण समाजमाध्यमांना तंतोतंत लागू पडते. मराठीतून किती तक्रारी आल्या, त्या मराठी जाणणाऱ्या किती माणसांनी वाचल्या आणि किती यंत्राने फेटाळल्या, हे साधे आकडे जोवर उघड होत नाहीत, तोवर वापरकर्त्याने कशावर मत द्यावे?

लोकशब्दाचा बाजारी देखावा कसा असतो, तेही आपण पाहिले आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये 44 अब्ज डॉलरांना ट्विटर विकत घेतल्यावर इलॉन मस्क यांनी डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते पुन्हा सुरू करावे काय, असा कौल आपल्याच खात्यावरून घेतला आणि निसटत्या बहुमतावर ते सुरूही केले. डिसेंबरात आपण प्रमुखपद सोडावे काय, हेही त्यांनी विचारले. पावणेदोन कोटी मतांपैकी साडेसत्तावन्न टक्के मते सोडावे अशी पडली. पद सुटले ते पुढच्या वर्षी, त्यांच्या सोयीने. मालकी अर्थातच तशीच राहिली. प्रश्न कोणता, तो कधी विचारायचा आणि उत्तर केव्हा मानायचे, हे तिन्ही अधिकार ज्याने स्वतःपाशी ठेवले, त्याच्या कौलाला दरबारातील मुजऱ्याहून अधिक मोल नसते. त्या मानाने मेटाने 2020 पासून कार्यान्वित केलेले देखरेख मंडळ अधिक गंभीर आहे. त्यात नामांकित विधिज्ञ व पत्रकार आहेत आणि एखादा मजकूर ठेवावा की काढावा याविषयीचा त्यांचा निर्णय कंपनीला पाळावा लागतो. पण धोरणासंबंधी त्यांचे म्हणणे केवळ शिफारस ठरते, आणि वापरणाऱ्यांनी निवडलेला एकही माणूस तेथे बसत नाही. ते न्यायासन आहे, सभा नव्हे.

सभेचेही दोष आहेत आणि ते लपवून तिची कैफियत मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. राळेगणसिद्धीतच दारूबंदीच्या आरंभीच्या काळात मद्यपींना खांबाला बांधून फटके दिले गेले, हे अण्णांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. गावाची संमती त्याला होती म्हणून ते न्याय्य ठरत नाही. समूहाने सर्वांसाठी नियम करणे वेगळे आणि समूहाने एका माणसाला शिक्षा करणे वेगळे. पहिले स्वराज्य होय, दुसरे जमावाचे राज्य. म्हणून अमक्याचा मजकूर काढावा काय, तमक्याचे खाते बंद करावे काय, असे प्रश्न वापरकर्त्यांच्या बहुमतावर सोपवता कामा नयेत. तसे झाले तर संघटित टोळ्या अल्पसंख्याकांची, बंडखोरांची आणि विशेषतः बोलक्या स्त्रियांची तोंडे आठवडाभरात बंद करतील. नियम सभेने करावेत, निवाडा मात्र कारणे देणाऱ्या नि:पक्ष पंचाने करावा.

मग हे सारे काम सरकारनेच का करू नये, असा तिसरा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर पालघरने दिलेले आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून व त्या लिखाणाला पसंती दिल्यावरून दोन तरुणींना तेथे अटक झाली. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-अ या कलमाविरुद्धची लढाई उभी राहिली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवले. जून 2020 मध्ये चिनी अ‍ॅपांवर बंदी आली, तेव्हा तिची राष्ट्रीय कारणे काहीही असोत, टिकटॉकवर नाव कमावलेल्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कलावंतांची मिळकत आणि प्रेक्षक एका रात्रीत गेले. त्यांनाही कोणी विचारले नव्हते. 2023 पासून केंद्राने तीन तक्रार अपील समित्या नेमल्या आहेत. त्या नागरिकाची दाद घेतात हे चांगले. पण त्यांची नेमणूक सरकारचीच, आणि त्यांच्यापुढे सुटी सुटी प्रकरणे येतात, कारभाराचे नियम येत नाहीत. कंपनीच्या मुखत्यारीतून सुटून सरकारच्या मुखत्यारीत जाणे हे स्थलांतर झाले; स्वातंत्र्य नव्हे.

कोणी म्हणेल, ही माध्यमे सहकारी का करू नयेत? हा प्रश्न राळेगणसिद्धीच्या जिल्ह्याने विचारावा हे साजेसे आहे, कारण विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी उभा केला. सहकाराचे मूलतत्त्व, भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, हे मेटाच्या भागरचनेच्या अगदी उलट आहे. 2017 साली ट्विटरच्या भागधारकांपुढेही कंपनी वापरकर्त्यांच्या मालकीची करता येईल काय याचा अभ्यास करावा, असा ठराव आला होता. त्यास पाच टक्केही पाठिंबा मिळाला नाही. शिवाय मालकी लोकांची झाली म्हणजे कारभार लोकांचा होतो असेही नाही. राज्यातील कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडून खासगी हाती गेले आणि त्या विक्रीव्यवहारांविरुद्ध राळेगणसिद्धीहूनच फिर्याद उठली. वार्षिक सभा दहा मिनिटांत आटोपून सारे ठराव टाळ्यांवर मंजूर होतात, तेथे सात-बारा सभासदाच्या नावावर असूनही सत्ता संचालकांच्याच घरात राहते. म्हणून मालकीपेक्षा सभा जिवंत असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तेव्हा मागणी नेमकी असावी. भारतात पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना 2021 च्या नियमांनी आधीच वेगळ्या, अधिक जबाबदारीच्या वर्गात घातले आहे. त्याच वर्गाला चार कर्तव्ये कायद्याने लावावीत. पहिले, नियमांतील प्रत्येक मोठ्या बदलाचा मसुदा मराठीसह भारतीय भाषांत, कारणांसह, अंमलापूर्वी किमान दोन महिने प्रसिद्ध करावा. दुसरे, तक्रारी, निवाडे आणि ते करणारी माणसे यांचा भाषावार हिशेब दर सहा महिन्यांनी खुला करावा. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने मजकूर काढल्याची कारणे देणे आणि जोखमींची स्वतंत्र तपासणी करवून घेणे बंधनकारक केलेच आहे, तेव्हा हे अशक्य असल्याची सबब चालणार नाही. तिसरे, वापरकर्त्यांतून चिठ्ठ्या टाकून काही शे माणसांची भाषावार सभा निवडावी, तिला भत्ता, तज्ज्ञ आणि कागदपत्रे पाहण्याचा अधिकार द्यावा, आणि तिने दोन तृतीयांश बहुमताने नाकारलेला बदल लेखी उत्तर व फेरविचार झाल्याखेरीज अंमलात येऊ नये. आयर्लंडमध्ये 2016 साली अशाच रीतीने निवडलेल्या 99 सामान्य नागरिकांनी गर्भपातासारख्या जटिल प्रश्नावर अभ्यासपूर्वक शिफारस केली आणि 2018 च्या सार्वमताची वाट मोकळी झाली. यंत्रात कोणता संदेश वर यावा हा प्रश्न त्याहून अवघड खचित नाही. चौथे, व्यक्तीविरुद्धच्या प्रत्येक कारवाईवर कंपनी आणि सरकार या दोहोंपासून स्वतंत्र अशा पंचाकडे अपील असावे.

अशी सभा मंदगती होईल, क्वचित चुकेल, आणि कंपन्यांचा खर्च वाढवील. ग्रामसभाही मंदगती आहे, चुकते, आणि खर्चाचा हिशेब मागून कारभाऱ्यांना त्रास देते. तरी ती मोडावी असे उघडपणे म्हणण्याची छाती आज महाराष्ट्रात कोणाला नाही. ज्या वस्तीत आपण बोलतो, भांडतो, सोयरिकी जमवतो आणि मते बनवतो, तिच्या कारभारात आपला शब्द असणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. आपल्या खासदाराला आणि आमदाराला पुढच्या भेटीत हे चार मुद्दे विचारावेत, आपल्या ग्रामसभेत त्यांवर ठराव घ्यावा आणि तो लेखी दिल्लीला धाडावा, एवढी विनंती वाचकांना आहे. माहितीचा अधिकारही असाच, गावोगावच्या माणसांनी चिकाटीने मागितला म्हणून मिळाला.